मनाचं आजारपण, औषधोपचार आणि श्रीगुरुसेवा

।। श्रीगुरुदेव दत्त ।।



मार्गशीर्ष लागला की देवळात सप्ताहाची तयारी सुरू होते. पारायणाला कोण बसणार, कोणाला नियम झेपतील, याची विचारणा होते. याच दिवसांत दोन-चार मंडळी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतात, "अहो काका, सुनेला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत, ती पारायणाला बसली तर चालेल का?" किंवा "मुलगा दोन महिने खोलीबाहेर येत नाही, काय सेवा करावी?" मी शास्त्री नाही आणि डॉक्टरही नाही. शिक्षण बी.कॉम., आणि बँकेत चौतीस वर्षं कारकुनी. पण माझ्या धाकट्या भावाला गेली तेहेतीस वर्षं मनाचा आजार आहे. त्याच्याबरोबर ओपीडीच्या बाकावर बसून, डॉक्टरांना विचारून आणि थोडं वाचून जे कळलं ते खात्यावर मांडावं तसं मांडतो.

श्रीगुरुचरित्रातले दोन प्रसंग

आपण पोथी वाचतो, पण दोन प्रसंगांकडे या दृष्टीने फारसं कोणी पाहत नाही. आठव्या अध्यायात एक विधवा आई आपल्या मंदबुद्धी मुलाला घेऊन नदीत जीव द्यायला निघते. मुलाच्या मंदपणापेक्षा लोकांच्या टोचून बोलण्याने ती जास्त खचलेली असते. कुरवपूरला कृष्णेच्या काठी श्रीपाद श्रीवल्लभ तिला थांबवतात. तेराव्या अध्यायात पोटशूळाने गांजलेला ब्राह्मण गोदावरीत प्राण द्यायला जातो. श्रीनृसिंहसरस्वती त्याला शिष्यांकरवी बोलावून घेतात, आधी कारण विचारतात, सगळं ऐकून घेतात आणि मग त्याला सायंदेवांच्या घरी जेवायला पाठवतात.

यातला क्रम बघा. आधी थांबवलं, मग विचारलं, मग ऐकलं आणि मग उपाय केला. दोन्ही ठिकाणी महाराजांनी त्या दुःखी जिवाला नावं ठेवली नाहीत. "मन घट्ट कर", "लोकांना याहून मोठी दुःखं असतात" असं आपण सहज बोलून जातो, तसं ते बोलले नाहीत. घरात मनाने आजारी माणूस असेल तर हा क्रम पाठ करण्याजोगा आहे.

हे किती जणांना होतं?

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आपल्या आरतीला दीडशे माणसं उभी असतील, तर त्यातल्या पंधरा जणांचा हा विषय आहे, आणि त्यांच्या घरच्यांचाही. मधुमेह झाला की आपण चहा पिता पिता सांगतो. हा आजार मात्र तिजोरीत ठेवतो.

नेहमी दिसणारे आजार

नैराश्य, म्हणजे डिप्रेशन. दुःख सगळ्यांना होतं. घरातलं माणूस गेलं की रडू येणारच. पण दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न राहतं, कशातच गोडी वाटत नाही, झोप आणि भूक बिघडते, थकवा जात नाही, लक्ष लागत नाही, आपण घरावर ओझं आहोत असं वाटतं, जगणं नको होतं. यातली बरीच लक्षणं एकत्र असली तर तो आजार असू शकतो. आपल्या वयात तो वेश बदलून येतो. आजोबा "उदास आहे" म्हणत नाहीत. अंग दुखतं, पोट साफ होत नाही, आठवत नाही, असं म्हणतात. रोज देवळात येणारा माणूस यायचा बंद होतो, आणि आपण म्हणतो, "वय झालं." थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी झाल्यानेही असं होतं, म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासतात.

चिंतेचा आजार. काळजीला कारण लागत नाही. मुलाचा फोन दहा मिनिटं उशिरा आला की छातीत धडधड सुरू होते, हातपाय गार पडतात. काहींना अचानक झटका येतो. श्वास कोंडतो, घाम फुटतो, आता आपण जाणार असं वाटतं. हा झटका बहुधा दहा मिनिटांत कळस गाठून ओसरतो. मात्र छातीत पहिल्यांदा दुखलं, तर ते मनाचंच आहे असं घरी ठरवू नये. आधी ईसीजी काढावा. हृदय ठीक असूनही पुन्हा पुन्हा तसं होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं.

मंत्रचळ, म्हणजे ओसीडी. आपल्यासारख्या घरांत हा ओळखायला सगळ्यात अवघड, कारण तो सोवळ्याच्या आड लपतो. सोवळ्याला एक सीमा असते. स्नान केलं, धूतवस्त्र नेसलं, पूजा झाली, मनाला समाधान मिळालं. ओसीडीत समाधान मिळतच नाही. तीन-तीन तास आंघोळ, हातांची सालटं निघेपर्यंत धुणं, जपात एक मणी चुकला असेल म्हणून माळ पुन्हा पहिल्यापासून, देवाविषयी नको ते विचार मनात येतात म्हणून दिवसभर क्षमायाचना. त्या माणसालाही हे पटत नसतं, पण थांबता येत नाही. उपासनेने माणूस दमत असेल, घाबरत असेल, घरच्यांचं जेवणखाण त्यामुळे अडत असेल, तर ती भक्तीची पायरी समजू नये. नको ते विचार आले म्हणून देव कोपत नाही. ते आजाराचं लक्षण आहे, त्या माणसाची इच्छा नाही.

स्किझोफ्रेनिया. हा साधारण सतरा-अठरा ते तिशीच्या आसपास सुरू होतो. कोणी नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी कट करतात असं ठाम वाटतं, मुलगा एकटा हसतो-बोलतो, आंघोळ सोडतो, मित्र तुटतात. उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं पुढचं आयुष्य सावरतं. यावर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००४ मध्ये 'देवराई' हा चित्रपट काढला. अतुल कुलकर्णींनी त्यात रुग्णाचं काम केलंय. घरच्यांनी एकत्र बसून अवश्य पाहावा.

बायपोलर, म्हणजे दोन टोकांचा आजार. हाच माझ्या भावाचा. चोविसाव्या वर्षी त्याची झोप उडाली. चार-पाच रात्री जागा, तरी थकवा नाही. बोलणं इतकं भरभर की वाक्य पुरं होत नसे. दुकानात जाऊन आमच्या ऐपतीबाहेरच्या वस्तू उधारीवर आणल्या. मग काही महिन्यांनी तोच मुलगा अंथरुणातून उठेना. आईने नरसोबाच्या वाडीला सेवा बोलली, आणि वडिलांनी त्याच आठवड्यात सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढला. आमच्या घरात त्या दोन गोष्टी तेव्हापासून बरोबरीने चालू आहेत. भाऊ आज सत्तावन्न वर्षांचा आहे, दुकानाचे हिशेब लिहितो आणि दर गुरुवारी पालखीला असतो.

एक गोष्ट वेगळी सांगतो. वयस्क माणूस एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागला, घरचे ओळखेना, रात्री उठून पळू लागला, तर तो मनाचा आजार किंवा बाधा समजून वाट पाहू नका. ताप, लघवीचा संसर्ग, रक्तातलं मीठ कमी होणं, नवीन औषध अशा शारीरिक कारणांनी तसं होतं. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. विसरभोळेपणा हळूहळू, महिन्या-वर्षांनी वाढत असेल तर स्मृतिभ्रंशाची तपासणी करावी.

उपचार कसे चालतात

मानसोपचारतज्ज्ञ हे एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनोविकारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. औषध ते देतात. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. पुष्कळदा दोघांचीही गरज लागते.

नैराश्यावरच्या गोळीचा गुण लगेच येत नाही. दोन ते चार आठवड्यांनी फरक जाणवू लागतो, पुरता अंदाज यायला सहा-आठ आठवडे लागतात. पहिल्या काही दिवसांत मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा होतो आणि बरीच माणसं तिथेच गोळी सोडतात. मुदत ठेव आठव्या दिवशी मोडली तर व्याज कुठून मिळणार? बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवायला सांगतात, आणि आजार पुन्हा पुन्हा उलटत असेल तर जास्त. बंद करायचं तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करत आणायचं.

"सवय लागेल" ही भीती सगळ्यांना असते. नैराश्याच्या गोळ्यांची व्यसनासारखी चटक लागत नाही. चटक लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची, आणि त्या मात्र आपल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं बिनदिक्कत आणल्या जातात. म्हातारपणी त्यांनी तोल जातो, पडायला होतं. मनाच्या डॉक्टरांना आपल्या रक्तदाबाच्या, रक्त पातळ करण्याच्या, गुडघेदुखीच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून नेऊन दाखवाव्यात, कारण काहींचं एकमेकांशी जमत नाही.

बोलण्याचा उपचार म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. त्यातली एक पद्धत मला बँकेच्या भाषेत चांगली समजली. आपल्या मनात एक नोंद पडते, "मी कोणाच्याच उपयोगाचा नाही." समुपदेशक विचारतात, या नोंदीचं व्हाउचर कुठंय? पुरावा काढा. मग गेल्या आठवड्यात नातवाला शाळेतून आणलं, शेजाऱ्याचा अर्ज भरून दिला, अशा सुटलेल्या नोंदी सापडतात. ताळा पुन्हा जुळवायचा. त्याबरोबर रोज थोडं काम, थोडं चालणं ठरवून करायचं, मन तयार होण्याची वाट न पाहता. ओसीडीत ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जायचं आणि धुणं लांबवायचं, असा सराव तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करून घेतात. घरच्यांनी तिथे एक पथ्य पाळायचं. "हो, हात स्वच्छ झाले" असं वीस वेळा सांगत बसायचं नाही, कारण त्याने आजाराला खतपाणी मिळतं.

स्किझोफ्रेनियात गोळ्या रोज घेतल्या जात नसतील तर महिन्याने वगैरे द्यायची इंजेक्शनंही असतात. 'शॉक' हा शब्द ऐकून लोक दचकतात. आता तो भूल देऊनच देता येतो, भुलीशिवाय देण्याला कायद्याने बंदी आहे. फार खोल नैराश्यात, रुग्णाने अन्नपाणी सोडलं असेल तेव्हा, त्याने जीव वाचतो.

सप्ताहाचे नियम आणि गोळ्या

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. पारायणाला बसायला गोळ्यांची आडकाठी नाही. पण गोळ्या बंद करून बसू नये. 'सात दिवस महाराजांवर सोडा' असं सांगणारे भेटतात, त्यांच्या श्रद्धेला नमस्कार करावा आणि गोळी घ्यावी.

माझ्या भावाला लिथियम चालू आहे. हे साधं क्षारासारखं औषध आहे. बायपोलरवर त्याचा गुण १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी दाखवला, आणि आजही ते वापरात आहे. त्याचं रक्तातलं प्रमाण ठरावीक मर्यादेत राहावं लागतं. म्हणून वेळोवेळी रक्त, मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासतात. शरीरातलं मीठ किंवा पाणी कमी झालं की लिथियम रक्तात साठतं आणि विषबाधा होऊ शकते. आता पारायणातलं हविष्यान्न आठवा. दूधभात, तूप, पोळी, आणि मीठ वर्ज्य. सात दिवस बिनमिठाचं खाणं, किंवा निर्जळी उपास, किंवा चातुर्मासातलं अळणी व्रत, हे लिथियम घेणाऱ्याला धोक्याचं आहे. हात जोरात थरथरणं, जुलाब-उलट्या, तोल जाणं, जीभ जड होणं ही लक्षणं दिसली तर गोळी पुढची घेण्याआधी डॉक्टरांना गाठायचं, रात्र असली तरी. काही वेदनाशामक गोळ्यांनीही प्रमाण वाढतं, म्हणून त्या मनाने घेऊ नयेत.

दुसरा मुद्दा झोपेचा. पहाटे साडेतीनला उठून रात्री उशिरापर्यंत जागरण झालं, तर बायपोलरच्या माणसाला तेजीचा झटका येऊ शकतो. भावाला पारायणाला बसायचं होतं तेव्हा आम्ही डॉक्टरांना आणि आपल्या गुरुजींना, दोघांनाही विचारलं. गुरुजी म्हणाले, "नियम शरीर राखून पाळायचे असतात, आजाऱ्याला सूट आहे." तेव्हापासून तो नेहमीचं मीठ घातलेलं सात्त्विक जेवण जेवतो, दहाला झोपतो, सहाला उठतो, आणि सातऐवजी एकवीस दिवसांत पोथी वाचतो. बारा वर्षं झाली, एकदाही खंड नाही. मधुमेहाच्या मंडळींना उपासात डॉक्टर जसं सांगतात, तसंच हे.

बाधा म्हणून येणाऱ्यांविषयी

दत्तस्थानांवर पूर्वीपासून 'बाधा' झालेली माणसं आणली जातात. आरतीच्या वेळी कोणी घुमतं, काही वेळाने शांत होतं, प्रसाद घेऊन घरी जातं आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतं. त्याची चिकित्सा मी करत नाही. पण घुमणं आरतीपुरतं राहिलं नाही, दिवसरात्र आवाज येत राहिले, खाणं-झोप तुटली, माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला, तर दर्शन घेऊन थेट डॉक्टरांकडे न्यावं. कितीतरी भक्त मंडळी हे दोन्ही करतात.

बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे मात्र कुठल्याच सेवेत बसत नाही. तमिळनाडूत एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्ण ठेवलेल्या एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. आता साखळदंडाने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. दुसरीकडे गुजरातमध्ये उनावा गावच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुवा' असा उपक्रम चालतो. तिथले मुजावर प्रार्थना करतात आणि आवारातल्या डॉक्टरांकडेही पाठवतात. आपल्या देवस्थानांनी घेण्यासारखा हा धडा आहे. अवधूतांनी चोवीस गुरू केले, तेव्हा चांगलं कुठून आलं हे पाहिलं नव्हतं.

कुठे जायचं, खर्चाचं काय

१) बहुतेक जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, केसपेपर नाममात्र पैशात निघतो आणि नेहमीच्या गोळ्या मिळतात. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. गोव्यात बांबोळीला संस्था आहे. तिथे बाह्यरुग्ण विभागही असतो, गेलं म्हणजे दाखलच करतात असं नाही.

२) 'टेलिमानस' ही केंद्र सरकारची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. नाव सांगितलंच पाहिजे असं नाही. हा नंबर देवळाच्या फलकावर लावावा अशी मंडळाला विनंती आहे.

३) दारू सुटत नसेल तर तोही आजारच. पुण्यात अनिल आणि अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आजही काम करतंय.

४) २०१७ च्या कायद्याप्रमाणे आरोग्यविमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. पॉलिसी घेताना आजार लपवू नका, आणि दावा नाकारला तर लेखी कारण मागा, मग विमा लोकपालाकडे जाता येतं. कागद जपून ठेवण्याची बँकेतली सवय मला इथे फार उपयोगी पडली. पहिल्या चिठ्ठीपासून सगळं एका फाइलीत तारखेवार लावावं.

५) कोणी मरणाची भाषा करत असेल, तर सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटं ठेवू नका. कीटकनाशक, जादा गोळ्या हाताशी राहू देऊ नका, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. २०१७ च्या कायद्याने असा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली होता असं धरून शिक्षेतून वाचवलंय. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका.

सांभाळणाऱ्यांसाठी

सांभाळणारा माणूसही दमतो. माझी वहिनी, म्हणजे मोठ्या भावाची बायको, आणि माझी पत्नी यांनी पाळ्या लावून घेतल्या म्हणून आमचं निभावलं. एकानेच सगळं अंगावर घेऊ नये. आमच्या माघारी याचं कोण करणार, हा प्रश्न रात्री मलाही पडतो. त्यासाठी दोन कामं केलीत. भावाच्या नावाने ठेव ठेवून व्याज दरमहा त्याच्या खात्यात वळवलं, आणि त्याच्याशी बोलूनच कायद्यातली 'नामनिर्देशित प्रतिनिधी' ही तरतूद वापरून पुतण्याचं नाव लिहून ठेवलं. आजारात निर्णय घ्यायची वेळ आली तर पुतण्या त्याच्या वतीने बोलेल. पुतण्याला औषधांची यादी आणि डॉक्टरांची वेळ दोन्ही माहीत आहेत. ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी हे हातपाय चालतायत तोवर उरकावं.

श्रीगुरुचरणी एवढंच मागणं, की दर्शनाच्या रांगेत आपल्या शेजारी गप्प उभं असलेल्या माणसाला "कसं चाललंय?" असं विचारायची आणि उत्तर पुरतं ऐकायची बुद्धी आपल्याला व्हावी.

श्रीगुरुदेव दत्त.